सोनेरी फ्रेम काळी करायचीय

प्रश्न: दादा, आमच्या बाथरूममधल्या शॉवरच्या काचेला सोनेरी अॅल्युमिनियमची फ्रेम आहे, बिल्डरने दिलेली. आता नळ वगैरे सगळं मॅट ब्लॅक केलंय त्यात ती फारच विचित्र दिसते. काच चांगली आहे, बदलायची इच्छा नाही. पेंटर म्हणतो रेड ऑक्साइड मारून वर काळा ऑइलपेंट मारू. टिकेल का?
– एक वाचिका, डोंबिवली

उत्तर: नाही टिकणार ताई. रेड ऑक्साइड लोखंडासाठी असतं, गंज धरू नये म्हणून, अॅल्युमिनियमवर त्याचा उपयोग नाही. आणि तुमची सोनेरी फ्रेम बहुतेक अॅनोडाइज्ड असणार, म्हणजे वरचा थर अॅल्युमिनियमच्याच ऑक्साइडचा, कडक आणि गुळगुळीत, त्यावर नुसता रंग मारला की गरम पाणी आणि वाफेने थोड्याच दिवसांत पापुद्रे निघायला लागतात.

फ्रेम सुटी होत असेल तर सरळ पावडर कोटिंगला द्या. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याला विचारा, त्याला कोटिंगवाला माहीत असतोच. ते फ्रेमवर रंगाची पूड फवारून ती भट्टीत साधारण 180 ते 200 डिग्रीला भाजतात, त्यामुळे रबर, चाकं, ब्रश सगळं आधी काढावं लागतं. काच काढताना दोन माणसं हवीतच, आणि ती उघड्या टाइल्सवर टेकवू नका, खाली गोधडी घाला, टफन्ड काचेची कड आपटली तर अख्ख्या काचेचा चुरा होतो.

सुटी होत नसेल तर जागेवर स्प्रे करता येतो, पण खरी मेहनत रंगाच्या आधीचीच आहे बरं का. जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण काढायचं, अगदी कोपऱ्यातलं सुद्धा, कारण सिलिकॉनवर रंग बसतच नाही, जिथे राहिलं तिथे बारीक खड्डे पडतात. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगरने काढून धुवून टाका, अॅसिडवाला बाथरूम क्लीनर नको, तो अॅल्युमिनियम खातो. मग 320 नंबरच्या वॉटर पेपरने (पाणी लावून घासायचा सँडपेपर) चमक पूर्ण जाईपर्यंत घासा (लोखंडी तारेची घासणी नको, तिचे कण अडकून नंतर गंजतात), थिनरने पुसा, आणि एच (etch) प्रायमर मारा, हाच तो अॅल्युमिनियमला धरणारा प्रायमर, हार्डवेअरवाल्याने दुसरं काही हातात दिलं तर घेऊ नका. वरून काळ्याचे दोन-तीन पातळ हात. एकच जाड हात मारला की ओघळ येतात, मग परत घासत बसा.

काचेला मास्किंग टेप आणि पेपर लावा, मास्क घाला, खिडकी उघडी ठेवा. आणि गॅस गीझर बाथरूममध्ये असेल तर त्याचा सिलिंडर आधी बंद करा, स्प्रेचा गॅस पेट घेतो. नंतर आठवडाभर तरी त्या शॉवरखाली आंघोळ नको, नवीन सिलिकॉन त्यानंतरच.

हँडल आणि नॉब मात्र रंगवू नका, रोज हात लागून तिथला रंग सगळ्यात आधी जातो, काळी हँडलं तयार मिळतात, फक्त काचेतल्या दोन भोकांमधलं अंतर मोजून न्या.