रीफ टँकसाठी बटरफ्लायफिश: कॉपरबँड, रॅकून की हेनिओकस?

तुमचा टँक 5 बाय 2 बाय 2 फुटांचा, म्हणजे दगड-वाळू वगळली तर साधारण साडेचारशे लिटर पाणी, आत झुआ, टॉर्च, हॅमर, थोडी ॲक्रोपोरा अशी कोरल, वर ॲप्टेशियाने (तणासारखं पसरणारं, डंख मारणारं छोटं ॲनिमोन) उच्छाद मांडलाय आणि तुम्ही विचारताय या तीन बटरफ्लायफिशपैकी कुठला घेऊ. सरळ सांगतो, रॅकून नको, हेनिओकस नीट ओळखता आला तरच, आणि कॉपरबँड जरूर घ्या पण दुकानात तुमच्या डोळ्यांदेखत खाताना दिसला तरच.

बटरफ्लायफिशच्या सव्वाशेच्या वर जाती आहेत आणि दुकानात सगळेच सुंदर दिसतात, त्यामुळे रंग बघून निवडायला गेलात की फसलात. तो समुद्रात काय खातो हे आधी बघायचं. यातल्या बऱ्याच जाती जिवंत कोरलचे पॉलिप (ज्यांचं मिळून कोरल बनतं ते इवले जीव) टोचून खाऊनच जगतात, दुसरं अन्न त्यांना अन्न वाटतच नाही. शेव्हरॉन जवळजवळ फक्त ॲक्रोपोरावर जगतो. ऑर्नेट, मेयर्स, मेलन, बॅरोनेस हे सगळे त्याच पंगतीतले. आणि सगळ्यात जास्त वाईट मला आठ पट्ट्यांच्या एटबँडचं वाटतं, मन्नारच्या आखातात सापडतो, 12 सेंटीमीटरच्या आसपासच वाढतो, त्यामुळे "छोटा आहे, तुमच्या टँकला मस्त बसेल" म्हणून गळ्यात मारला जातो, आणि तो बिचारा कोरलशिवाय दुसरं काही खात नाही आणि घरी आणून उपाशी मरतो. हे मासे कोणी फुकट दिले तरी घेऊ नका. बाजारात येणारे बटरफ्लायफिश जवळजवळ सगळे समुद्रातून पकडलेले असतात हो, ब्रीड केलेले नसतात, म्हणजे एक मेला की त्याच्या जागी रीफवरूनच दुसरा उचलला जातो.

रॅकून ॲप्टेशिया खातो हे खरं, धट्टाकट्टा आहे, पहिल्या दिवसापासून खातो. पण ॲप्टेशिया संपला की झुआंवर येणार, मग टॉर्च-हॅमरचे मांसल पॉलिप. 20 सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि मग कोरलच्या टँकमधून त्याला पकडायचं म्हणजे अख्खी रॉक बाहेर काढायची. ऑरिगा या दुसऱ्या बटरफ्लायफिशची गत तीच. फक्त मासे ठेवायचे असते तर मी हे दोघंच आधी सुचवले असते.

हेनिओकसमध्ये गोची अशी की एकाच नावाखाली दोन मासे विकले जातात, दिसायला जुळे. डिफ्रूटीस थव्याने वर पाण्यात राहून प्लँक्टन खातो आणि कोरलला सहसा हात लावत नाही, अक्युमिनॅटस मात्र मोठा होतो, 25 सेंटीमीटरपर्यंत, आणि कोरल टोचायची शक्यता त्याच्यात बरीच जास्त. दुकानात मोबाईलवर बाजूने फोटो काढा आणि झूम करून पाठीचे काटे मोजा, डिफ्रूटीसला सहसा 12 असतात, अक्युमिनॅटसला 11. तोंडही डिफ्रूटीसचं जरा आखूड. दुकानदार घाई करत असेल तर करू दे. तुमच्या यादीत नाहीये पण तुमच्या कोरलसाठी सगळ्यात निर्धास्त मला पिरॅमिड बटरफ्लायफिश वाटतो, पिवळा-पांढरा किंवा हिंदी महासागरातला काळा-पांढरा (मालदीवला याचे प्रचंड थवे असतात). तोही प्लँक्टन खाणारा. फक्त ॲप्टेशियाला तो ढुंकूनही बघत नाही.

आता कॉपरबँड. बघताना पोट आणि डोळ्यांच्या वरचा, डोक्यामागचा भाग बघा. तिथे खड्डा पडलेला असेल, पाठ चाकूसारखी धारदार दिसत असेल तर तो बरेच दिवस उपाशी आहे, सोडून द्या. चोच, म्हणजे त्याचं लांब निमुळतं तोंड, लाल किंवा सोललेली नको. साधारण 8 ते 10 सेंटीमीटरचा घ्या, अगदी पिल्लू तग धरत नाही आणि मोठा नवीन अन्न शिकत नाही. दुकानदाराला सांगा, फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) टाकून दाखवा. खाल्लं नाही तर पैसे देऊन येऊ नका, पुढच्या आठवड्यात परत जा.

घरी आणल्यावर खायला लावायचा माझा ठरलेला उपाय म्हणजे तिसऱ्या, मासळी बाजारातल्या साध्या तिसऱ्या. आणून स्वच्छ धुवायच्या, काही दिवस फ्रीझरला ठेवायच्या, मग एक घेऊन सुरीने उघडायची आणि मांसासकट अर्धा शिंपला वाळूवर ठेवायचा. कॉपरबँड आधी लांबूनच फिरतो, पाठीचे काटे ताठ, मग थोडा तिरका होऊन एका डोळ्याने बघतो, फिरून दुसऱ्या डोळ्याने बघतो, आणि मग ती चोच शिंपल्याच्या कडेला घालून मांसाचा एक बारीक तुकडा ओढतो. एकदा ओढला की सुटला म्हणायचा. मग त्याच शिंपल्यात मांसावर मायसिस चेपून ठेवायचा, हळूहळू तिसरी कमी आणि मायसिस जास्त, शेवटी मायसिस पाण्यातला पकडून खातो. मांस तासाभरात काढा, नाहीतर आपल्याकडच्या उकाड्यात पाणी लगेच नासतं. आणि कायम तिसऱ्यांवर ठेवू नका, बऱ्याच शिंपल्यांमध्ये व्हिटॅमिन बी 1 मोडणारं एन्झाइम असतं. दिवसातून दोन-तीन वेळा थोडं थोडं खायला लागतं त्याला. नुसता आर्टेमिया (ब्राइन श्रिम्प) दिला तर पोट भरलेलं दिसतं पण मासा वाळत जातो.

ॲप्टेशियाची गॅरंटी मात्र कोणी देऊ शकत नाही. एखादा कॉपरबँड पंधरवड्यात टँक साफ करतो, एखादा त्यांच्यामधून फिरतो आणि तोंडही लावत नाही. फक्त त्यासाठीच आणणार असाल तर आधी पेपरमिंट श्रिम्प टाकून बघा, ही कोळंबीही ॲप्टेशिया खाते. आणि टँकमध्ये फॅनवर्म (नळीत राहणारे, पंख्यासारख्या तुऱ्याचे किडे) असतील तर ते गेलेच समजा, कधी कधी मोठ्या मांसल कोरललाही चोच मारतो.

क्वारंटाइन, म्हणजे नवा मासा आधी वेगळ्या टँकमध्ये ठेवणं, टाळू नका. या माशांवर फ्लूक (अंगाला, कल्ल्यांना चिकटणारे परजीवी किडे) नेहमी असतात, त्याला प्राझिक्वांटेल हे औषध चालतं. तिसऱ्यांचं ट्रेनिंगही तिथेच उरकून घ्या, तिथे अन्नाला दुसरा वाटेकरी नसतो. अंगावर फुलकोबीसारखे पांढरे गोळे आले तर घाबरू नका, तो लिम्फोसिस्टिसचा व्हायरस असतो, चांगलं अन्न आणि पाणी मिळालं की बहुतेक वेळा आपोआप जातो.

तुमच्याकडे टँग (नव्या माशावर धावून जाणारा मासा) आहे की नाही ते लिहिलं नाहीत. नसेल तर कॉपरबँड आधी सोडा, टँग नंतर. यलो टँग आधीच असेल तर कॉपरबँडला पहिले काही दिवस मेन टँकमध्येच जाळीच्या डब्यात ठेवून तिथेच खायला द्या आणि टँग डब्यावर धावून जायचा थांबला की मगच बाहेर सोडा.