रिकामा रकाना

प्रिय पोरी,

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, पोस्टिंग पक्कं झालं, बांगलादेशातलं कॉक्स बाजार, रोहिंग्या निर्वासितांच्या कॅम्पात आरोग्यसंस्थांच्या कामाचा मेळ घालायचा, पंधरा दिवसात निघायचं, आणि खाली एकच प्रश्न, "मॅडम, को-ऑर्डिनेशन म्हणजे मी नक्की करायचं काय?" खूप आनंद झाला गं. पोटात गोळा पण आला, खोटं कशाला बोलू. फोनच करणार होते पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून आज सकाळी नौपाड्यातल्या आमच्या गॅलरीत चहा घेऊन बसले आणि लिहायला घेतलं. लांबेल, सावकाश वाच.

सुरुवात आपल्या घराजवळून करते. तू कळव्याहून उल्हासनगरला कितीदा गेली असशील, रिक्षावाला विचारतो कॅम्प नंबर किती, आणि आपण दोन का चार ते सांगून मोकळे होतो. तो कॅम्प म्हणजे खरोखरचा कॅम्प होता. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी कल्याणजवळ लष्करासाठी बराकी बांधल्या होत्या, 1947 ला फाळणी झाल्यावर सिंधमधून जीव मुठीत धरून आलेल्या जवळपास एक लाख माणसांना तिथे ठेवलं, आणि 8 ऑगस्ट 1949 ला त्याला उल्हासनगर नाव मिळालं. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीची आजी तीन नंबरला राहायची. एका बराकीत कितीतरी कुटुंबं, मधे तरटाचे पडदे. तिला तिथे पहिलं बाळंतपण आलं, आणि ती सांगायची की माझ्या गावची दाई पण याच गाडीने आली होती, हाताला गुण होता तिच्या, पण ती कुठल्या नंबरच्या कॅम्पात उतरली हे कोणालाच ठाऊक नव्हतं. शोधेपर्यंत बाळंतपण होऊन गेलं. बाळ गेलं.

आजी हे सांगताना डॉक्टर नव्हते, औषध नव्हतं असं कधीच म्हणाली नाही. दाई होती पण कुठे ते माहीत नव्हतं, एवढंच म्हणायची. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या वाक्यात मिळालं होतं, मला वाटतं तू पण तिथूनच सुरू कर.

आता मोठा हिशोब. जुलै 1994 मध्ये रवांडातून लाखो लोक पळून गोमाला आले, तेव्हाच्या झैरेमध्ये, म्हणजे आजच्या काँगोत. आधी कॉलरा, मग रक्ती जुलाब, आणि पहिल्या महिनाभरात जवळपास 50,000 माणसं मेली. मदत करायला संस्था कमी नव्हत्या, रांग लागली होती संस्थांची, पण कोण काय करतंय याचा मेळ नव्हता, काहींना तर जुलाबाच्या पेशंटला पाणी किती आणि कसं द्यायचं याचाच धड अनुभव नव्हता. त्या धक्क्यातून 1997 मध्ये स्फिअरचं, म्हणजे मदतकार्यात किमान काय मिळालंच पाहिजे ते ठरवायचं, काम सुरू झालं, ज्यातले आकडे तू पाठ केलेस, माणशी रोज किमान 15 लिटर पाणी, 20 माणसांमागे एक संडास. आणि 2005 पासून क्लस्टर पद्धत आली, म्हणजे एका विषयाच्या सगळ्या संस्थांचा एक गट, आरोग्याच्या क्लस्टरचं नेतृत्व डब्ल्यूएचओकडे. तू जिथे चाललीस तिथे क्लस्टर न म्हणता सेक्टर म्हणतात, कारण ते निर्वासित आहेत, सीमा ओलांडून आलेले, आणि तिथे सरकारचं रेफ्युजी कमिशनरचं ऑफिस आणि जिल्ह्याचे सिव्हिल सर्जन यांचा शब्द महत्त्वाचा. हो, सिव्हिल सर्जनच, आपल्या ठाण्यासारखं. पोचल्यावर आधी त्यांना भेट, मग संस्थांना. तो त्यांचा जिल्हा आहे, तू पाहुणी आहेस.

तुझ्या हातात पहिल्याच दिवशी एक एक्सेल शीट येईल, कोण, काय, कुठे, कधी. सगळे भरलेले रकाने बघतात, कारण मीटिंगमध्ये तेच वाचून दाखवतात, अमुक संस्थेचं क्लिनिक इथे, तमुकचं तिथे, टाळ्या. तू रिकामे रकाने बघ.

2017 च्या शेवटी मी तिथे होते. 25 ऑगस्टनंतर म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्या काही महिन्यात पळून आले होते, टेकड्यांवरचं जंगल तोडून बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्या. शीटवर आमच्या एका भागात सात क्लिनिक दिसत होती, कागदावर भरपूर. मी एका सकाळी ती शीट घेऊन चालत निघाले. सातच्या सात रस्त्याला लागून होती, कारण गाडी तिथपर्यंतच जाते, औषधाची खोकी तिथपर्यंतच उतरतात, आणि पाहुणे फोटो काढायला तिथपर्यंतच येतात. टेकडी चढून पलीकडे उतरले तर चाळीस मिनिटं लागली, मातीच्या पायऱ्या, मधे बांबूचा पूल, आणि तिकडे काहीच नाही. एक बाई झोपडीच्या दारात बसली होती, नववा महिना, पाय सुजून टम्म. ब्लॉकचा माझी, म्हणजे त्यांच्यातला मुकादम म्हण, तो म्हणाला की रात्री कळा आल्या तर आम्ही खुर्चीला बांबू बांधून नेतो, पावसात नेत नाही. पावसात नेत नाही, एवढं सरळ.

पुढच्या मीटिंगला मी नकाशावर सात हिरवे ठिपके एका ओळीत लावले आणि टेकडीपलीकडचा भाग मोकळा ठेवून फक्त लोकसंख्या लिहिली. कोणाला दोष दिला नाही, एवढंच विचारलं की यातलं कोण पलीकडे जाईल. बराच वेळ शांतता. मग दोन संस्थांनी मिळून एक हेल्थ पोस्ट तिकडे हलवलं आणि एक दाई-नर्सची जोडी रात्री तिथेच राहायला लागली. भांडून हे झालं नसतं. क्लस्टर किंवा सेक्टरच्या माणसाला हुकूम देता येत नाही हे लक्षात ठेव, संस्था तुझ्या हाताखाली नाहीत, तुझ्याकडे फक्त खरी माहिती आणि तुझ्यावरचा विश्वास असतो, आणि विश्वास एकदा गेला की मग तू नुसती मीटिंगचे मिनिट्स लिहिणारी बाई.

रिकामा रकाना आणि शून्य यात गल्लत करू नकोस, हे फार महत्त्वाचं. दर आठवड्याला क्लिनिकांकडून साथीचे आकडे येतात, त्यासाठी डब्ल्यूएचओची अर्ली वॉर्निंगची सिस्टीम आहे, एका पेटीत 60 मोबाइल, लॅपटॉप, सोलर चार्जर, सगळं येतं, वीज नसली तरी चालतं. एखाद्याने गोवर शून्य लिहिलं तर त्याने बघितलं आणि सापडलं नाही. काहीच पाठवलं नाही तर कदाचित तिथला माणूस स्वतः आजारी आहे, कदाचित पेशंट इतके झालेत की फॉर्म भरायला उसंत नाही. गप्प बसलेल्या क्लिनिकला त्याच दिवशी फोन कर, नाही लागला तर चालत जा. त्या वर्षी घटसर्प पसरला तेव्हा लवकर कळणं हाच काय तो आधार होता, आपल्यातल्या बऱ्याच तरुण डॉक्टरांनी घशातला तो करडा पडदा फक्त पुस्तकात पाहिलेला, त्यावरचं औषध, अँटीटॉक्सिन, सगळ्या जगातच कमी, आणि द्यायचं तर रिॲक्शनच्या भीतीने पेशंटजवळ बसून राहायचं. एक मुलगा सापडला की त्याच्या झोपडीतल्या आणि शेजारच्या सगळ्यांना गोळ्या आणि लस. कोण शोधणार, कोणाच्या गोळ्या, कोणाची लस, बेड कोणाचा, हे आदल्या दिवशी ठरलेलं असलं तरच होतं.

आणि मृत्यू क्लिनिकच्या रजिस्टरमध्ये शोधू नकोस, तिथे फार थोडे पोचतात. कब्रस्तानात जा, खोदणाऱ्याशी बोल, मशिदीत इमामांशी बोल. रोज 10,000 माणसांमागे 1 मृत्यू ही धोक्याची रेघ धरतात, पाच वर्षांखालच्या मुलांत 2. छोट्या कबरी किती झाल्या या आठवड्यात, हा प्रश्न विचारायला जीभ अडखळते, तरी विचार.

आता शुगर-बीपी-टीबीवाले. सगळ्यांचं लक्ष गोळी लागलेल्या आणि जुलाब झालेल्या पेशंटकडे असतं, ते बरोबरच आहे, पण पळून आलेल्या माणसाचा जुना आजार पण त्याच्याबरोबर पळून आलेला असतो. एक म्हातारे बाबा आठवतात, लुंगीच्या गाठीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली, आत पाच-सहा रिकाम्या स्ट्रिप्स, चांदीच्या कागदावरची अक्षरं घासून गेलेली, आणि ते बोटाने दाखवून सांगत होते, ही सकाळची, ही रात्रीची, ही पिवळी होती. ती पिशवी म्हणजे त्यांची पूर्ण केस हिस्ट्री. इमर्जन्सी किट येतं ते 10,000 लोकांच्या 3 महिन्यांच्या हिशोबाने, पण बाबांची गोळी जन्मभराची. चौथ्या महिन्यात ती कोण विकत घेणार हा प्रश्न तू पहिल्या महिन्यात विचारायचास. एका संस्थेने फंड संपला म्हणून महिनाअखेरीस क्लिनिक बंद केलं, कोणाला सांगितलं नाही, आणि एक तारखेला सकाळी चाळीसेक माणसं बंद दारासमोर येऊन बसली, त्यातले निम्मे बीपीचे. चूक त्यांची होतीच, पण त्यांचा करार कधी संपतो ते मी शीटमध्ये कधी लिहूनच घेतलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या शीटला एक जादा रकाना असतो, कधीपर्यंत. तू पण टाक.

हे काम तू आधीच करून झालीस, तुला जाणवलं नसेल. शहापूरकडून वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबांचा टीबीचा डोस तुटू नये म्हणून भट्टी हलली की पुढच्या हेल्थ पोस्टला फोन करायचीस ना, पेशंट पोचला का, कार्ड दाखवलं का, आणि तिकडून "हो मॅडम, आला" ऐकल्याशिवाय इथलं पान बंद करायची नाहीस. रेफरल म्हणजे तेवढंच. चिठ्ठी दिली म्हणजे पेशंट पोचला असं नाही, उलट निरोप आला पाहिजे.

रस्ता पण तपास, आणि नकाशावरचं अंतर मोजू नकोस. मणिपूरला 3 मे 2023 ला दंगली पेटल्यानंतर चुराचांदपूरच्या पेशंटसाठी इंफाळ जवळ असून बंद झालं, एका समाजाची माणसं दुसऱ्याच्या भागातून जाऊच शकत नव्हती, मग डायलिसिस असो की कॅन्सर, घाटातून लांब मिझोराममधल्या आयझॉलला जायचं. आपल्या देशात, माणसं दोन वर्षांपेक्षा जास्त काळ रिलीफ कॅम्पात. असा रस्ता बंद झाला की तुझी सगळी रेफरलची यादी एका रात्रीत खोटी ठरते. म्हणून प्रत्येक आजारासाठी दुसरं हॉस्पिटल आधीच लिहून ठेव. आणि लढणाऱ्यांशी बोलणं हा पण आरोग्याचाच भाग आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये गाझात दहा महिन्यांच्या बाळाला पोलिओने लुळं केल्याचं नक्की झालं, 25 वर्षांत पहिल्यांदा, तेव्हा सप्टेंबरमध्ये आधी मध्य, मग दक्षिण, मग उत्तर असं करत, ठरलेल्या तासांपुरता गोळीबार थांबवून दहा वर्षांखालच्या जवळपास 5.6 लाख मुलांना डोस पाजला. डोस पाजणं आपल्याला येतंच, पल्स पोलिओ केलाय आपण. अवघड होतं ते घड्याळ ठरवणं.

भाषेचं सांगते. रोहिंग्या बाई दुभाष्याला म्हणते "गा ज़ोलेर", अंग जळतंय. तिला ताप नसतो. मी स्वतः पाहिलंय, तीन वेगवेगळ्या क्लिनिकमधून तीनदा पॅरासिटामॉल घेऊन आलेली बाई. चौथ्या वेळी आमच्या एका स्थानिक मुलीने फॉर्म बाजूला ठेवून तिला विचारलं कधीपासून जळतंय, आणि ती गाव जाळलं त्या रात्रीपासून सांगायला लागली. "ओशांती लागेर" पण ऐकशील, तो शब्द तर आपल्याला समजावून सांगायलाच नको. दुभाष्याला पगार, खुर्ची आणि मान दे, बाईसाठी बाईच ठेव, आणि नातेवाइकाला दुभाषा करू नकोस, नवऱ्यासमोर ती काय बोलणार आहे.

नावांच्या याद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायच्या नाहीत. अजिबात नाही. आपल्याकडे सगळं ग्रुपवर फिरतं, सवय झालीय, पण जिथे माणसं नावावरून मारली गेलीत तिथे पेशंटचं नाव, गाव, बलात्कारानंतर उपचाराला आलेल्या बाईचा नंबर, हे कोणाच्या फोनमध्ये गेलं तर काय होईल याचा विचार कर. आकडा शेअर कर, माणूस नको.

तिथले मूळ गावकरी विसरू नकोस, उखिया-टेकनाफचे. त्यांचं सरकारी हॉस्पिटल पण अचानक भरून गेलं, त्यांची पण मजुरी पडली. त्यांच्यासाठी तोच दवाखाना उघडा ठेवलास तर तुझी ॲम्ब्युलन्स रात्री कोणी अडवणार नाही.

झोप घे. आठवड्यातून एक दिवस शीट उघडायची नाही, आईला फोन करायचा आणि काय जेवलीस ते खरं सांगायचं.

रविवारी घरी ये, माझे गमबूट काढून ठेवलेत, आपलं माप एकच आहे आणि तिथल्या चिखलात चप्पल राहत नाही. येताना जाड पुठ्ठ्याची एक वही आण, पहिल्या पानावर मी तुला शीटचे रकाने आखून देते, आणि तुझ्या त्या भट्टीवाल्यांचं काम आता कोणाकडे देऊन चाललीस ते पण सांग, मला त्या सिस्टरशी सोमवारी बोलायचंय.

तुझी,
मॅडम