पंचांचा सत्कार की रेफ्रींचा पुरस्कार?

म्हापशाहून एका वाचकाने विचारलं आहे. त्यांच्या गावचा क्लब फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्याआधी सहा जणांना मानचिन्ह देणार आहे. तीस-पस्तीस वर्षं शिट्टी वाजवलेले तिघे रेफ्री, दोघे लाइन्समन आणि मैदानावर चुन्याच्या रेघा मारणारे एक वयस्क गृहस्थ. पत्रिकेच्या मसुद्यात ‘पंचांचा सत्कार व जीवनगौरव पुरस्कार’ असं लिहिलं गेलं आणि समितीत वाद झाला. सत्कार, सन्मान, गौरव, पुरस्कार, यांतलं नेमकं कोणतं? ‘सन्मान’ की ‘सम्मान’? आणि प्रास्ताविकात फिफाच्या ‘ऑर्डर ऑफ मेरिट’चा उल्लेख करायचाय, त्याला मराठीत काय म्हणायचं?

आधी ‘पंच’ बघू, कारण खरी अडचण तिथेच आहे. पुण्या-मुंबईत पंच म्हटलं की अंपायर किंवा रेफ्री डोळ्यांसमोर येतो. गोव्यात पंच म्हणजे पंचायतीवर निवडून आलेला सदस्य. ‘पंचांचा सत्कार’ असं छापलेली पत्रिका बार्देशातल्या कुठल्याही वाड्यावर गेली, तर पहिला प्रश्न येईल तो कुठल्या वॉर्डाचे पंच हाच. दोन्ही अर्थांचं मूळ एक आहे, निवाडा करणारे पाच जण. पण एकाच गावात दोन्ही अर्थ नांदत असतील तर पत्रिकेत ‘रेफ्री’ लिहावं. तो शब्द आता आपलाच आहे. त्याचा जन्मही पंचाच्या जवळचाच. इंग्लंडात पूर्वी दोन्ही संघ आपापला अंपायर आणत. त्या दोघांचं जुळलं नाही की वाद बाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्याकडे सोपवला जाई, आणि ज्याच्याकडे सोपवायचा तो रेफ्री. १८९१ मध्ये त्याला मैदानात घेतलं आणि अंपायर रेघेवर जाऊन लाइन्समन झाले. १९९६ पासून नियमांत लाइन्समनला सहायक रेफ्री म्हणतात. तुमच्या दोघांनी झेंडा हाती घेतला तेव्हा ते लाइन्समनच होते, म्हणून मानपत्रात तोच शब्द राहू द्या. त्यांच्या कामाचं ते नाव होतं.

आता सन्मान. सम् + मान केलं तर ‘सम्मान’ होतो, सत् + मान केलं तर ‘सन्मान’. जगत् + नाथ चा जगन्नाथ होतो, चित् + मय चा चिन्मय, तसाच हा संधी. म्हणजे ‘सन्मान’ हे ‘सम्मान’चं बिघडलेलं रूप नव्हे. मराठीत तेच रुळलं आहे, तेच लिहावं. ‘सत्कार’मधला ‘सत्’ही हाच. मात्र दोन्ही शब्दांची वागणूक वेगळी आहे, आणि ती वाक्यात घालून बघितली की कळते. ‘त्याला गावात मान आहे’ असं आपण सहज म्हणतो. ‘त्याला गावात सत्कार आहे’ असं कुणी म्हणणार नाही. सत्कार केला जातो, होतो आणि संपतो. मूळचा तो पाहुण्याचा. दारात आलेल्याला आसन, पाणी, फूल देणं म्हणजे सत्कार. मान असतो, राहतो, पुढच्या पिढीकडेही जातो. जत्रेत पालखीला खांदा द्यायचा मान कुठल्या घराण्याचा, हे गोव्यात लेखी कुठे शोधावं लागत नाही. पुरस्कार मिळवणाऱ्याला मराठी वृत्तपत्रं ‘मानकरी’ म्हणतात, तो शब्द याच मानातून आलेला. म्हणून सत्कार प्रमुख पाहुण्यांचा करा. शाल, नारळ, पुष्पगुच्छ देऊन तो पाच मिनिटांत आटोपतो. रेफ्री तुमच्या मैदानाचे पाहुणे नाहीत.

‘गौरव’ म्हणजे गुरुत्व, वजन. एखाद्याच्या कामाला वजन आहे हे सर्वांसमक्ष कबूल करणं. शब्द चांगलाच आहे. त्याच्या आधी ‘जीवन’ लागलं की मात्र मी थबकतो. जीवनगौरव म्हटलं की काम संपल्याचा सूर निघतो, आणि तुम्हीच लिहिलंय की तिघांपैकी एक अजून शाळांच्या सामन्यांना शिट्टी घेऊन जातात. त्यांच्या हाती जीवनगौरव देऊ नका.

पारितोषिक म्हणजे परितोष व्हावा म्हणून दिलेलं, बक्षीस म्हणजे वरच्याने खालच्याला दिलेलं. दोन्ही जिंकणाऱ्या संघासाठी ठेवा. या सहांसाठी माझ्या मते शब्द एकच, पुरस्कार. पुरस् म्हणजे पुढे. पुरस्कार म्हणजे पुढे करणं, पुढे ठेवणं. महाभारतात अर्जुन भीष्मांवर चालून जातो तो ‘शिखण्डिनं पुरस्कृत्य’, म्हणजे शिखंडीला पुढे करून. तिथे बक्षिसाचा काही संबंध नाही. ‘नव्या विचारांचा पुरस्कार केला’ असं आपण म्हणतो, त्यातही हाच अर्थ जिवंत आहे. रेफ्रीची उत्तम कामगिरी कोणती? सामना संपल्यावर त्याचं नाव कुणाच्या तोंडी नसणं. तीस वर्षं ज्यांनी स्वतःला असं मागे ठेवलं, त्यांना एका संध्याकाळी लोकांसमोर पुढे आणणं, हेच तर तुम्हाला करायचं आहे. शब्दाचा मूळ अर्थ इतका नेमका बसण्याचे प्रसंग फार येत नाहीत.

आणखी एक शब्द तुम्ही विचारलेला नाही, तरी सांगतो. ‘मानद रेफ्री’ असं कुठे लिहू नका. काही वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमात मी मानपत्र वाचायला होतो. त्यात एका लाइन्समनच्या नावामागे मसुदा करणाऱ्याने शोभेसाठी ‘मानद’ घातलं होतं. ते खाली उतरले ते हातातला झेंडा घेऊनच. मूठ झिजलेली, तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “मानद म्हळ्यार फुकट न्ही?” त्यांना सामन्यामागे थोडे पैसे आणि बसभाडं मिळायचं. ते त्यांनी कधी लपवलं नव्हतं, आणि लोकांना आता आपण खोटं सांगितल्यासारखं वाटेल ही त्यांना काळजी. मला काही उत्तर सुचलं नाही. खरं तर त्यांना मिळायचं त्याला मराठीत सुंदर नाव आहे, मानधन. संस्कृतात मानधन हे पैशाचं नव्हे, माणसाचं विशेषण आहे. मान हेच ज्याचं धन तो मानधन. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’त दुर्योधनाच्या योद्ध्यांना ते लावलंय, आणि लगेच पुढे ते धनाने पूजलेले असल्याचंही म्हटलंय. मान आणि मोबदला एकाच माणसाकडे असू शकतात, हे तेव्हाही कुणाला खटकलं नव्हतं. त्यांना हे सांगायचं राहून गेलं.

‘ऑर्डर ऑफ मेरिट’चं ‘गुणवत्ता आदेश’ असं भाषांतर करू नका. ऑर्डर इथे हुकूमही नाही आणि क्रमही नाही. युरोपात सरदारांचे संघ असत, त्यांना ऑर्डर म्हणत. पोर्तुगीज गलबतांच्या शिडांवरचा तांबडा क्रूस आठवा, तो ऑर्डर ऑफ क्राइस्ट या अशाच संघाचा. संघात घेतलं की त्याचं चिन्ह मिळे. पुढे संघाची जागा नुसत्या चिन्हाने घेतली. फिफाने १९८४ मध्ये आपली ऑर्डर सुरू केली, ऑलिंपिक समितीने १९७५ मध्ये. पदक जिंकण्यासाठी असतं, ऑर्डर खेळाच्या सेवेसाठी. अभिनव बिंद्राला २००८ चं सुवर्णपदक नेमबाजीसाठी मिळालं, आणि २०२४ ची ऑलिंपिक ऑर्डर ऑलिंपिक चळवळीतल्या कामासाठी. मूळ नाव तसंच ठेवून पुढे ‘फुटबॉलची सेवा करणाऱ्यांना फिफा देते तो बहुमान’ एवढं जोडा, पुरे.

मसुद्यातल्या ‘बहुमोल योगदानाबद्दल’ची जागाही प्रत्येकाच्या कामाला द्या. ‘बत्तीस वर्षं या मैदानावर शिट्टी सांभाळली’, ‘दर सामन्याआधी चुन्याच्या रेघा मारल्या’. मथळा नुसता ‘सेवा पुरस्कार’. आणि नावं पुकारताना रेघा मारणाऱ्यांचं आधी घ्या. सामन्याच्या दिवशी मैदानावर सर्वांत आधी तेच येतात.