आईला घेऊन दोन दिवस मुंबई, काय बघू आणि काय सोडू?

प्रश्न: नमस्कार ताई, डिसेंबरात एक शनिवार-रविवार आम्ही मुंबईला येतोय. मी, मिस्टर, 10 वर्षांचा मुलगा आणि 68 वर्षांची आई. उतरणार दादरला मावशीकडे. आईचे गुडघे दुखतात, जिने जमत नाहीत. मुलाला घारापुरी बघायचीच आहे. एक टूरवाला एका दिवसात 22 ठिकाणं दाखवतो म्हणतोय, घेऊ का? (एक वाचक, लातूर)

उत्तर: नका घेऊ हो. 22 ठिकाणं म्हणजे 22 वेळा आईला बसमधून चढ-उतार, आणि मधला सगळा वेळ ट्रॅफिकमध्ये, बघून काहीच होत नाही. एका वेळेला एकच भाग घ्या आणि तिथे निवांत रमा, मुंबई अशीच कळते.

शनिवारी सकाळी भायखळ्याची राणीची बाग, दादरहून जवळ आहे. मुलाला पेंग्विन दिसतील आणि शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, 1872 पासूनचं. त्याच्या आवारात एक दगडी हत्ती आहे तो नक्की दाखवा, कारण पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा हे नाव दिलं ते याच हत्तीवरून. इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले होते, उचलताना पडून त्याचे तुकडे झाले, मग ते जोडून इथे उभा केला. म्हणजे आईला बेटावर जाता आलं नाही तरी तिथला हत्ती तरी भेटला ना! दुपारी घरी आराम करा आणि संध्याकाळी टॅक्सीने वाळकेश्वरला बाणगंगेवर जा. रामाने बाण मारला आणि पाणी आलं अशी कथा आहे, समुद्र अगदी जवळ असून तळ्याचं पाणी मात्र गोडं. पायऱ्या उतरायची गरज नाही, वर काठावर बसूनही सगळं दिसतं, मला स्वतःला मुंबईतली सगळ्यात शांत जागा हीच वाटते.

आता घारापुरी. गेटवेहून लाँचने साधारण तासभर लागतो आणि वर लेण्यांपर्यंत 120 च्या आसपास पायऱ्या. डोली मिळते, पण लाँचमध्ये चढताना-उतरताना सुद्धा गुडघ्यांना त्रास होतो म्हणून मी आईंना नेणार नाही. रविवारी सकाळी बाप-लेक दोघंच पहिल्या लाँचने जाऊ देत, त्रिमूर्तीसमोर गर्दी व्हायच्या आत पोचतील. (सोमवारी लेणी बंद असतात, बेत बदलला तर हे लक्षात ठेवा.) तुम्ही दोघी मात्र पहाटे दादरच्या फुलबाजारात जा, झेंडू-शेवंतीचे ढीग बघून आई खूश होतील बघा, आणि मग शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसा.

चारच्या सुमारास सगळे फोर्टात भेटा. रविवारी लोकलला मेगाब्लॉक असतो त्यामुळे दादरहून भुयारी मेट्रोने हुतात्मा चौकाला उतरा, लिफ्ट आहे, आईंना सोपं जाईल. हुतात्मा स्मारकापाशी मुलाला संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याबद्दल दोन शब्द नक्की सांगा. तिथून ओव्हल मैदान जवळच. मैदानाच्या मधोमध उभं राहायचं, पूर्वेला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, 1878 सालातल्या टोकदार गॉथिक इमारती, आणि पश्चिमेला त्यांच्यासमोर 1930-40 च्या काळातल्या गोल गच्च्यांच्या आर्ट डेको बिल्डिंगी, दोन वेगळ्या काळातली मुंबई समोरासमोर. 2018 साली हा सगळा भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, तरी टूरच्या बसमधून तो खिडकीतूनच जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्याआधी टॅक्सीने मरीन ड्राइव्ह गाठा. आईंना कट्ट्यावर बसवा आणि दिवे लागेपर्यंत उठू नका.

एक राहिलंच, तिकीट काढताना तारीख बघा. 6 डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीला लाखो लोक येतात, आधीचे एक-दोन दिवसही दादर आणि शिवाजी पार्क भरलेलं असतं. अभिवादनाला यायचं असेल तर तेव्हाच या, पण फिरायचं असेल तर त्यानंतरचा शनिवार-रविवार धरा.