ती गेली आणि फाईल सापडेना

प्रश्न : वसईत आमचा खोक्यांचा छोटा कारखाना आहे. ऑफिस असिस्टंटसाठी जाहिरात दिली, अर्जांचा ढीग आला, पण कामाचं एकही माणूस नाही. असं का?

जाहिरात तुम्ही सोबत पाठवलीत ते बरं केलंत. टायपिंग, एक्सेल, टॅली, फाडफाड इंग्रजी, बँकेची कामं आणि पगार १५ हजार! यातलं एखादं येणारी माणसं या पैशात मिळतात, तुम्हाला मिळालीच. सगळं येणारी बाई बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मोठ्या ऑफिसांत जाते.

पण तुमच्या हातात एक हुकमी पत्ता आहे. वसई-नालासोपाऱ्यात राहणारी, विरार लोकलच्या गर्दीला वैतागलेली, दहा-बारा वर्षं काम केलेली बाई शोधा. संध्याकाळी साडेसहाला घरी पोचता येणार असेल तर ती थोड्या कमी पगारातही येईल. थोड्या, १५ हजारांत नव्हे.

मुलाखतीत टायपिंगच्या ४० च्या स्पीडचं सर्टिफिकेट बघत बसू नका. सांगा, "एका जुन्या पार्टीचे पैसे दोन महिने अडकलेत, पत्र लिहा." बिल नंबर आणि तारीख विचारायला जी उठून तुमच्याकडे येईल, ती घ्या.

प्रश्न : अंधेरीत आमची बारा जणांची फर्म आहे. शिकवून तयार केलेली तिसरी ऑफिस असिस्टंट मुलगी वर्षाच्या आत गेली. ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही असा बॉण्ड लिहून घ्यावा का?

नको. मूळ सर्टिफिकेटं अडकवून ठेवायचा विचार असेल, तर तोही सोडा.

ती काय करत होती ते आठवून बघा. ७ तारखेला टीडीएस (कापून घेतलेला कर), ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र), १५ ला पीएफ, २० ला ३बी (जीएसटीचं दुसरं विवरणपत्र). भरतो अकाउंटंट, पण बिलं गोळा करणं, साहेबांना सहीसाठी लिफ्टपाशी गाठणं हे हिचं काम. वेळेत झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, एकदा चुकलं की सगळं ऑफिस ओरडतं. वर चहा सांगायचा तोही हिनेच. पुढची पायरी कुठली, हे तिला कुणी सांगितलं होतं का? राजीनामा टेबलावर आल्यावर पगार वाढवणारे मालक मी खूप पाहिलेत. तोवर तिने दुसरीकडे होकार दिलेला असतो.

पाच हजारांपर्यंतचा खर्च तिला स्वतः मंजूर करू द्या. कुरियरवाला बदलायला तुमची परवानगी कशाला हवी?

मी स्वतः फोर्टमधलं एक ऑफिस सोडलं, तेव्हा आठवड्याने फोन आला : "जागेच्या कराराची फाईल कुठंय?" ती मालकांच्या सासऱ्यांच्या नावाखाली होती, कारण करार त्यांच्या नावाने होता. अकरा वर्षांत कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं.

प्रश्न : मी डोंबिवलीहून दादरला येते. सहा वर्षं झाली. साहेबांच्या मुलांची फी, सासूबाईंचं तिकीट, सगळं मीच बघते. पगाराचं काढलं की म्हणतात, "तू तर घरचीच." सोडू का?

आधी दोन आठवडे रोजची कामं वहीत लिहा, ऑफिसची वेगळी, घरची वेगळी. ती वही घेऊन एकदाच बोला. उत्तर पुन्हा 'घरचीच' आलं, तर सोडा. मात्र हातात दुसरी ऑफर आल्यावरच.

ऑफिसात दहा किंवा जास्त माणसं असतील तर पाच वर्षं सलग भरल्याने ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, तुमच्या हक्काची आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६ हजार असेल, तर सहा वर्षांचे ९० हजार होतात. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.