आधी घर मोजा, मग हीट पंप निवडा

घर गरम आणि थंड करण्यासाठी हीट पंप (हिवाळ्यात बाहेरची उष्णता आत आणणारे, उन्हाळ्यात आतली बाहेर टाकणारे यंत्र) घ्यायचा आहे, अशा पत्रांत बहुतेकांनी पहिला प्रश्न ‘कोणती कंपनी चांगली?’ असाच विचारला आहे. त्याला आम्ही सरळ बगल देत आहोत. चुकीच्या मापाचे यंत्र कोणत्याही कंपनीचे असले तरी वाईटच चालते, आणि बरोबर मापाचे, नीट बसवलेले साधे यंत्रही वर्षानुवर्षे त्रास देत नाही. पुढची सगळी तापमाने सेल्सिअसमध्ये आहेत.

प्रश्न : घर १२० चौरस मीटरचे आहे. एका विक्रेत्याने ८ किलोवॅटचे यंत्र सुचवले, दुसऱ्याने १४ किलोवॅटचे. दोघांनीही फक्त क्षेत्रफळ विचारले होते. कोणाचे ऐकावे?

उत्तर : कोणाचेच नाही. नुसत्या क्षेत्रफळावरून यंत्र ठरवणे म्हणजे वय विचारून चपलेचा नंबर सांगण्यासारखे आहे. घरातून उष्णता किती बाहेर जाते, ते मोजावे लागते, आणि ढोबळ हिशेब तुम्हीही करू शकता.

भिंत, काच, छप्पर यांतून जाणारी उष्णता म्हणजे क्षेत्रफळ गुणिले यू-मूल्य गुणिले आतबाहेरच्या तापमानातला फरक. यू-मूल्य म्हणजे एका चौरस मीटरमधून, एका अंशाच्या फरकाला किती वॅट निसटतात तो आकडा. गिलावा केलेल्या ९ इंची विटेच्या भिंतीचा तो साधारण २, एकेरी काचेचा ५.५, दुहेरी काचेचा २.८ आणि उघड्या काँक्रीट स्लॅबचा ३च्या आसपास असतो. फटींतून जाणाऱ्या हवेसाठी खोलीचे घनफळ, तासाला किती वेळा हवा बदलते तो आकडा, ०.३३ आणि तापमानातला फरक यांचा गुणाकार करायचा.

एक खोली घेऊ : ५ बाय ४ मीटर, उंची ३ मीटर, दोन भिंती बाहेरच्या, वर उघडा स्लॅब, खाली गरम खोली. बाहेर ० अंश, आत २० हवेत. भिंती २३ चौरस मीटर : ९२० वॅट. एकेरी काचेच्या खिडक्या ४ चौरस मीटर : ४४० वॅट. स्लॅब २० चौरस मीटर : १२०० वॅट. हवा तासाला एकदा बदलते असे धरले तर सुमारे ४०० वॅट. एकूण जवळजवळ ३ किलोवॅट. आता त्याच स्लॅबवर चांगल्या उष्णतारोधकाचा १० सेंटिमीटरचा थर दिला, तर त्याचे यू-मूल्य ०.३५पर्यंत उतरते आणि १२०० वॅटचे १४० होतात. खोलीची गरज ३वरून १.९ किलोवॅटवर येते. म्हणून छपराचे काम आधी, यंत्राची ऑर्डर नंतर. उलट क्रमाने गेलात तर गरजेपेक्षा मोठे यंत्र गळ्यात पडते.

थंडाव्याचा हिशेब वेगळा करावा लागतो, कारण तिथे ऊन येते. पश्चिमेच्या, सावली नसलेल्या काचेतून दुपारी दर चौरस मीटरला ४००-५०० वॅट आत येऊ शकतात. त्यात माणसे धरा, प्रत्येकी सुमारे १०० वॅट. आणि ‘टन’ हा शब्द आला की लक्षात ठेवा, १ टन म्हणजे ३.५ किलोवॅट.

लेबलावरचा आकडाही नीट वाचा. गरम करण्याची क्षमता सहसा बाहेर ७ अंश असताना मोजलेली असते, थंड करण्याची ३५ अंशांना. तुमच्याकडे थंडीत उणे ७ होत असेल, तर साध्या यंत्राची क्षमता लेबलाच्या साठ-सत्तर टक्क्यांवर येऊ शकते, म्हणजे ८चे यंत्र प्रत्यक्षात ५-६ किलोवॅटच देईल. विक्रेत्याकडे बाहेरच्या निरनिराळ्या तापमानांना किती क्षमता मिळते, त्याचा तक्ता मागा. तो देत नसेल तर दुसरा विक्रेता पाहा.

‘थोडे मोठेच घेऊ, कमी पडायला नको’ हा सल्ला मात्र ऐकू नका. इन्व्हर्टर, म्हणजे वेग कमी-जास्त करणारा भाग, असला तरी कॉम्प्रेसर एका मर्यादेखाली हळू चालू शकत नाही. पुष्कळ यंत्रांत ती पूर्ण क्षमतेच्या २५-३० टक्के असते. १४ किलोवॅटचे यंत्र ४च्या खाली येत नाही, आणि वर्षातले बहुतेक दिवस घराला २-३च लागतात. मग ते दर दहा मिनिटांनी बंद-चालू होत राहते, वीज जास्त खाते आणि कॉम्प्रेसर लवकर झिजतो. उन्हाळ्यात आणखी एक दुखणे : खोली पटकन गार होते, पण आतल्या गार नळ्यांची कॉइल पुरेसा वेळ ओली राहत नाही, त्यामुळे हवेतला दमटपणा काढलाच जात नाही. गार पण चिकट खोली ही मोठ्या यंत्राची खूण.

प्रश्न : एक युनिट विजेला चार युनिट उष्णता मिळते असे जाहिरातीत लिहितात. ही फसवणूक नाही का?

उत्तर : नाही. हीटर उष्णता तयार करतो. हीट पंप बाहेरच्या हवेत आधीपासून असलेली उष्णता उचलून आत आणतो. वीज फक्त हमालीची लागते. ही कल्पना लॉर्ड केल्विन यांनी १८५२मध्येच मांडली होती. मात्र ४ हा आकडा कोणत्या तापमानांना मिळाला, ते जरूर विचारा. यंत्र पाणी तापवून घरात फिरवत असेल, तर बाहेर ७ आणि पाणी ३५ असताना मिळालेले ४, बाहेर उणे ७ आणि पाणी ५५ असताना २च्या आसपास येते. घ्यायचा निर्णय एकट्या आकड्यावर नको, पूर्ण मोसमाच्या सरासरीवर घ्यावा.

प्रश्न : घरात जुने बॉयलर आणि रेडिएटर (बॉयलरचे गरम पाणी आत फिरून खोली तापवणाऱ्या धातूच्या पट्ट्या) आहेत. ते तसेच ठेवून हीट पंप जोडता येईल का? उन्हाळ्यात त्याच रेडिएटरमधून थंडावा मिळेल का?

उत्तर : पहिल्याचे उत्तर ‘कदाचित’, दुसऱ्याचे ‘नाही’.

बॉयलर ७० अंशांचे पाणी देतो, हीट पंपाला ३५ ते ४५ अंश आवडतात. पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवले की वीज साधारण २ ते २.५ टक्के जास्त लागते. अडचण अशी की पाणी कोमट झाले की रेडिएटर हात आखडता घेतो. रेडिएटरवर लिहिलेली क्षमता पाणी खोलीपेक्षा सरासरी ५० अंश गरम आहे असे धरून दिलेली असते. पाणी ४५ने जाऊन ४०ने परत आले आणि खोली २०ची असली, तर फरक २२.५ उरतो आणि रेडिएटर लिहिलेल्याच्या जेमतेम ३५ टक्के उष्णता देतो.

यासाठी एक बिनखर्ची चाचणी आहे. कडाक्याच्या थंडीच्या आठवड्यात बॉयलरचे पाणी ५० अंशांवर आणा, सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, आणि तीन-चार दिवस तसेच चालू द्या. ज्या खोल्या उबदार राहतील तिथले रेडिएटर पुरेसे आहेत. ज्या गार पडतील तिथेच दुहेरी किंवा तिहेरी पट्ट्यांचे मोठे रेडिएटर बसवा. सगळे बदलायची वेळ क्वचित येते.

पाइपांकडे मात्र कोणी बघत नाही, आणि घोटाळा बहुधा तिथेच होतो. बॉयलर जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्यात २० अंशांचा फरक ठेवून चालतो. हीट पंप ५ अंशांचा. म्हणजे तेवढ्याच उष्णतेसाठी चौपट पाणी फिरवावे लागते. ८ किलोवॅटला मिनिटाला सुमारे २३ लिटर. एवढे पाणी २२ मिलिमीटरच्या तांब्याच्या पाइपातून सेकंदाला १.२ मीटर वेगाने धावते, आवाज करते. २८च्या पाइपातून ०.७ने निवांत जाते. पाणी अपुरे फिरले की यंत्र दोष दाखवून बंद पडते, आणि दोष यंत्राच्या माथी मारला जातो. जुन्या लाइनीतला काळा गाळ आधी धुऊन काढा आणि परतीच्या पाइपावर चुंबकीय गाळणी बसवा.

थंडाव्याचे म्हणाल, तर रेडिएटरमधून गार पाणी सोडले की त्याच्यावर दव धरते आणि भिंत-फरशी भिजते. जमिनीखालच्या पाइपांचेही तेच : आत २६ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असताना दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला दव धरू लागते ते, १७.६ असतो, पण २८ अंश आणि ७० टक्क्यांना तो २२वर जातो. म्हणजे दमट दिवशी १८ अंशांची फरशी घसरगुंडी होते. कोरड्या हवेत फरशीचा थंडावा सुखद असतो. दमट हवेत पंखा, कॉइल आणि खाली निचऱ्याची ट्रे असलेले फॅन-कॉइल युनिटच हवे, आणि त्याकडे जाणाऱ्या पाइपांवर सांधा न सोडता इन्सुलेशन.

प्रश्न : तीन खोल्यांसाठी एकच आउटडोअर युनिट घ्यावे की तीन वेगळी?

उत्तर : जागा असेल तर वेगळी. एका आउटडोअरवरचे तीन इनडोअर दिसायला सुटसुटीत असतात, पण रात्री एकाच झोपायच्या खोलीला अर्धा किलोवॅट लागतो आणि यंत्र दोनखाली येत नाही. मग बंद-चालू सुरू. गरम करताना बंद असलेल्या इनडोअरमधूनही थोडे शीतक (नळ्यांतून उष्णता वाहून नेणारा गॅस) फिरत राहते, त्यामुळे नको असलेली खोली तापते. एका खोलीला गरम, दुसरीला गार असेही साध्या जोडणीत जमत नाही. आणि आउटडोअर बिघडले की तिन्ही खोल्या एकदम बंद. बाल्कनी एकच असेल, तर नाइलाज आहे.

प्रश्न : थंडीत आउटडोअर युनिटवर पांढरा थर येतो, मध्येच वाफ निघते आणि आतला पंखा थांबतो. यंत्र खराब झाले का?

उत्तर : नाही, ते स्वतःचे अंग झाडत आहे. गरम करताना बाहेरची कॉइल हवेपेक्षा गार असते, तिच्यावर दव गोठते. ठरावीक वेळाने शीतकाची दिशा उलटवणारा चौमार्गी व्हॉल्व्ह फिरतो, गरम वायू बाहेरच्या कॉइलमध्ये जातो, थर वितळतो, वाफ उठते. हे पाच-दहा मिनिटांत संपते. गंमत म्हणजे कोरड्या कडक थंडीपेक्षा ० ते ५ अंशांच्या ओलसर हवेत हे जास्त वेळा होते, कारण हवेत पाणी जास्त असते.

काळजी केव्हा करायची? बर्फ खालून वर चढत जाऊन जात नसेल तर निचऱ्याचे भोक गोठले आहे. पूर्ण कॉइल तासन्‌तास पांढरी राहत असेल तर तापमानाचा सेन्सर किंवा व्हॉल्व्ह तपासून घ्या. कॉइलच्या एकाच भागावर जाड बर्फ असेल तर शीतक कमी झाल्याचा संशय घ्यावा. सुरी किंवा पेचकसाने बर्फ कधीही खरवडू नका. ॲल्युमिनियमच्या पात्या लगेच वाकतात आणि नळीला भोक पडले तर सगळा गॅस जातो. वीज बंद करून कोमट पाणी ओता. युनिट बसवतानाच ते जमिनीपासून किमान १० सेंटिमीटर वर, हिमवर्षाव होत असेल तर साचणाऱ्या बर्फाच्याही वर ठेवायला सांगा, आणि पाणी जिथे पडेल ती पायवाट नसावी.

प्रश्न : जमिनीतून उष्णता घेणारी पद्धत अधिक चांगली म्हणतात. घ्यावी का?

उत्तर : थंडी फार कडक असेल आणि खोदाईला जागा असेल तर विचार करा. जमिनीत खोलवर तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर असते, त्यामुळे भर हिवाळ्यातही यंत्राचे हाल होत नाहीत. पण हिशेब पाहा : ८ किलोवॅटचा पंप एक युनिट विजेला चार युनिट उष्णता या हिशेबाने चालला तर ६ किलोवॅट जमिनीतून ओढतो. बोअरच्या एका मीटरमधून ढोबळमानाने ५० वॅट मिळतात, म्हणजे १२० मीटर खोदाई. जमिनीच्या प्रकाराप्रमाणे हा आकडा बराच हलतो. पैसे वाचवायला बोअर आखूड ठेवला, तर भोवतालची जमीन दर हिवाळ्यात थोडी अधिक गार होत जाते आणि चौथ्या-पाचव्या वर्षी यंत्र का थकले ते कळत नाही. सौम्य हवामानात तेच पैसे छपरावर आणि खिडक्यांवर घाला.

प्रश्न : रात्री बंद करून सकाळी चालू केल्यास वीज वाचते का?

उत्तर : हीटरने वाचते, हीट पंपाने बहुधा नाही. थंड पडलेले घर सकाळी झटपट तापवायला यंत्र पूर्ण जोराने पळते, तेही बाहेर सर्वांत गार असताना; वर मदतीचा विजेचा हीटर लागला तर तो एकास एकच देतो. रात्री दोन अंश खाली आणा, त्याहून जास्त नको.

प्रश्न : बसवताना तंत्रज्ञाकडे नेमके काय पाहावे?

उत्तर : चार गोष्टी, आणि त्या वेळी तिथे उभे राहा. तांब्याच्या नळीचे तोंड फाकवल्यावर आत बुरा राहू नये. नट आवळायला दोन पाने हवेत, एक टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, दाखवणारा : पाव इंची नळीला १४ ते १८ न्यूटन-मीटर, तीन-अष्टमांश इंचीला ३४ ते ४२. अंदाजाने आवळलेला नट हेच गळतीचे सर्वांत नेहमीचे कारण. मग नायट्रोजन भरून दाब टिकतो का पाहायचे, सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा. त्यानंतर व्हॅक्यूम पंप लावून नळीतला दाब ५०० मायक्रॉनच्या (हे इथे दाबाचे माप) खाली न्यायचा, पंप बंद करून दहा-पंधरा मिनिटे काटा चढत नाही ना ते बघायचे. ‘थोडा गॅस सोडून हवा बाहेर काढतो’ असे कोणी म्हणाले तर काम तिथेच थांबवा. नळीत राहिलेला ओलावा तेल बिघडवतो.

शीतक आर-३२ असो की आर-२९० म्हणजे प्रोपेन, दोन्ही पेट घेऊ शकतात, प्रोपेन जास्त सहज. म्हणून प्रोपेनचे युनिट उघड्यावर, तळघराच्या खिडकीपासून आणि गटाराच्या तोंडापासून दूर हवे. हा वायू हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. आणि ‘दरवर्षी गॅस भरावा लागतो’ असे सांगणाऱ्याला आधी गळती शोधायला लावा. ते चक्र बंद असते, त्यातला गॅस वापरून संपत नाही.