एवढं कॅल्शियम आलं कुठून?

प्रिय,

प्रथिनाच्या साखळीभर कॅल्शियमचे गोळे दिसतात म्हणून तू रेणू दाखवणारं सॉफ्टवेअर दोनदा काढून पुन्हा टाकलंस, हे वाचून हसू आलं. एकेकाळी मीही हेच केलंय. आता ते बंद कर आणि फाईल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघड. फाँट समान रुंदीच्या अक्षरांचा घे, नाहीतर रकाने डोळ्यांना दिसायचेच नाहीत.

तुझी फाईल पीडीबी आहे, म्हणजे रेणूतल्या अणूंच्या जागा नोंदवणारा, पंचकार्डांच्या जमान्यातला, ८० रकान्यांचा फॉरमॅट. काय लिहिलंय याइतकंच ते कुठे लिहिलंय यालाही तिथे महत्त्व. अणूचं नाव १३ ते १६ या रकान्यांत येतं. अल्फा कार्बनचं (प्रथिनातल्या प्रत्येक अमिनो आम्लाच्या मधल्या कार्बनचं) ‘सीए’ चौदाव्यापासून सुरू होतं, कॅल्शियमचं तेराव्यापासून. नाव एक घर डावीकडे सरकलं की कार्बनचा झाला कॅल्शियम! तुझ्या स्क्रिप्टने नावं डावीकडून छापली असणार. ७७-७८ या रकान्यांत मूलद्रव्याचं चिन्ह असतं तर बऱ्याच प्रोग्रॅमना चकवा बसला नसता. तुझ्या फाईलमध्ये ती जागा कोरी आहे का, बघ.

दुसऱ्या रेणूतले बंध गायब झाल्याचं म्हणतोयस, पण त्याची फाईल एक्सवायझेड आहे आणि तसल्या फाईलमध्ये बंध मुळात नसतातच. पहिल्या ओळीत अणूंची संख्या, दुसरीत शेरा, पुढे चिन्हं आणि सहनिर्देशक (प्रत्येक अणूची जागा सांगणारे तीन आकडे), संपलं. पडद्यावरचे बंध म्हणजे अंतरावरून प्रोग्रॅमने बांधलेला अंदाज. म्हणून शेजारच्या दोन कार्बनमधलं अंतर हाताने काढ. साध्या एकेरी बंधासाठी ते १.५४ अँगस्ट्रॉमच्या (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) आसपास हवं. २.९१ आलं, तर आकडे अँगस्ट्रॉमऐवजी बोहर या लांबीच्या एककात आहेत. सगळे सहनिर्देशक ०.५२९१७७ ने गुण. उलट सगळे अणू एकमेकांच्या अंगावर चढलेले दिसले, तर नॅनोमीटरचा संशय घे.

मोठ्या रचनांसाठी पीडीबीच्या वाटेला जाऊच नकोस. अणूच्या अनुक्रमांकाला पाचच रकाने, ९९,९९९ नंतर घोळ ठरलेला. सरळ एमएमसिफ हा नंतरचा फॉरमॅट वापर, त्यात रकान्यांचं बंधन नाही.

आणि मूळ फाईलला हात लावू नकोस, प्रतीवरच काम कर. अडलंच तर फाईल जोडून पाठव. स्क्रीनशॉट नको, त्यात रिकाम्या जागा मोजता येत नाहीत. मेसेजमध्येही चिकटवू नकोस, वाटेत दोन-चार जागा गळतात आणि मग मी भलताच दोष शोधत बसतो.

तुझा,
सर